दिवेलागणीनंतर पैशाला हात नाही

रविवार, २ नोव्हेंबर २०२५, बडोदा

आज दुपारी दोन तास झोपले. मुद्दाम लिहून ठेवतेय कारण ऑगस्टपासूनची ही पहिली दुपारची झोप, आणि उठल्यावर आपण कुणाचं तरी काही चोरलंय असं वाटलं नाही हेही पहिल्यांदाच. सासूबाईंनी चहा टाकला होता, आलं जरा जास्तच पडलेलं, पण आयता चहा, त्याला नावं कोण ठेवणार.

यंदाचं वर्षच कसलं गेलंय. गणपती बसले त्याच दिवशी, म्हणजे २७ ऑगस्टला, आपल्या मालावर अमेरिकेचं ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लागू झालं आणि ह्यांच्या मकरपुऱ्यातल्या युनिटचा माल पॅक होऊन तिथेच पडला, ओव्हरटाइम बंद, पगार सातच्या ऐवजी अठरा तारखेला. घट बसले त्या दिवशी, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर. सण बघूनच मुहूर्त काढतात की काय देव जाणे. मी रावपुऱ्यात सीएच्या ऑफिसात आहे, त्यामुळे आख्ख्या नवरात्रात बडोदं गरबा खेळत होतं आणि मी किराणावाल्यांना फोनवर सांगत होते की हो शेठ, पानमसाला-तंबाखू सोडून १२ आणि २८ टक्क्यांचा स्लॅब गेला, हो, जुना स्टॉक असला तरी २२ पासून विकाल तो नव्या दराने. त्याच्या आधी १५ सप्टेंबरला इन्कमटॅक्स रिटर्नची शेवटची तारीख, पोर्टल रडत रडत चाललेलं, आणि मध्यरात्र व्हायला आली तेव्हा बातमी आली की मुदत एक दिवस वाढवली. एक दिवस! आम्ही पाच जण कॉम्प्युटरसमोर बसलेलो, हसावं की रडावं कळेना, कुणीतरी गार झालेले बटाटवडे पुढे सरकवले. टॅक्स ऑडिटचंही तेच, ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर, आणि आता १० नोव्हेंबर. तारीख वाढली की लोकांना वाटतं ह्यांना आराम मिळाला. आराम कसला, शेवटच्या दिवसाची धावपळ तेवढी पुढे सरकते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

आमची आजी दांडिया बाजारच्या जुन्या घरात राहायची. तिचा एक नियम होता, दिवेलागणीनंतर घरातून पैसे, मीठ आणि दही बाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते. संध्याकाळी धोबी हिशोबाला आला की "उद्या सकाळी ये रे बाबा" आणि विषय संपला. शेजारच्या काकू वाटी घेऊन विरजणाला आल्या तरी हेच. आम्ही कॉलेजात जायला लागल्यावर तिची भरपूर टिंगल केली, बँका सहाला बंद होतात म्हणून लक्ष्मी तिथेच झोपते का वगैरे. आजी म्हणायची, "दिव्याच्या उजेडात रुपयाचं नाणं आणि आठ आणे सारखेच दिसतात गं." तेव्हा ते डोळ्यांबद्दल वाटलं होतं.

आता माझी फजिती सांगते. ७ एप्रिलला, सोमवार होता, सेन्सेक्स दिवसात २,२०० च्या वर पॉइंट पडला. दिवसभर ऑफिसात तोच विषय, घरी आल्यावर टीव्हीवर लाल पट्ट्या, मुलाच्या फीचा हप्ता डोक्यात, आणि रात्री पावणेबाराला मी अंथरुणात पडल्या पडल्या अ‍ॅप उघडून इक्विटी फंडातले अर्ध्याहून जास्त पैसे काढायची ऑर्डर टाकली, दर महिन्याला फंडात जाणारी एसआयपी पण बंद करून टाकली. काय हलकं वाटलं! हातपाय मोकळे झाल्यासारखे. आणि मी कोण, तर दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाचे हिशोब लावणारी बाई, जिला पाठ आहे की दुपारी तीननंतर टाकलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशीच्याच भावाने लागते. म्हणजे ते बटण मी पावणेबाराला दाबलं काय आणि सकाळी पोहे खाऊन दाबलं काय, एका पैशाचा फरक पडणार नव्हता. फरक एवढाच पडला असता की सकाळी दाबलंच नसतं. दुसऱ्या दिवशी बाजार हजार पॉइंट वर, आणि मेच्या मध्यापर्यंत तर सेन्सेक्स ८० हजारांच्या वर होता. वरून काही हप्ते वर्षाच्या आतले होते, त्यावर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा दंड, कापला गेला तो वेगळाच. किती गेले तो आकडा माहितीये मला, इथे लिहीत नाही, सासूबाई ही वही चाळतात.

मग सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री तीनला जाग आली तर हे गॅलरीत. मोबाईलच्या उजेडात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडत बसलेले. मी म्हटलं, "अहो, झोपा ना आता." तर म्हणाले, "ऐक, ठरलंय माझं, दोन्ही एफडी मोडू आणि सगळे होमलोनमध्ये भरून टाकू, डोक्यावरचं ओझं तरी जाईल. नोकरीचा काय भरवसा." मला क्षणभर पटलंसुद्धा. रात्री तीनला सगळंच पटतं. पण तोंडातून काय निघालं तर आजीचं वाक्य, "उद्या सकाळी." ते चिडले, "तू झोप गं, तुला काय," पण आत आले.

सकाळी सेव-उसळ खायला गेलो, तिखट तर्रीने डोळ्यांतून पाणी येत असताना माणसाला फार काळजी करता येत नाही हे मी शास्त्रच मानते. तिथे बाकावर बसून परत हिशोब केला. नोकरीचा भरवसा नाही म्हणून हातातली रोकड लोनमध्ये कोंबायची, ती गेली की बँक परत देणार नाही, आणि खरंच दोन महिने पगार नाही आला तर हप्ता कशातून भरणार? त्यांच्याच लक्षात आलं, मी नुसती पाव खात होते. मग दुसरी गोष्ट निघाली. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आणला, आपला हप्ता का नाही उतरला? कारण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली होती. एरवी मीसुद्धा म्हटलं असतं की छान, लवकर फिटेल. पण आत्ता आम्हाला चौदा वर्षांनंतरचं सुख नकोय, ह्या महिन्याचा श्वास हवाय. ब्रँचमध्ये जाऊन अर्ज दिला, दोन खेपा झाल्या, साहेब जेवायला गेले होते ते तिसऱ्यांदा भेटले, पण हप्ता हजार-एक रुपयांनी उतरला. एफडी मात्र मोडली, पण अशी की एका मोठ्या एफडीच्या पाच छोट्या केल्या. थोडं व्याज कापलं गेलं, चालेल. आता गरज पडली तर एकच मोडायची, बाकीच्या चार जागच्या जागी. हे मी क्लायंटना किती वर्षं सांगतेय! घरच्या कणगीकडे बघायला वेळ नव्हता.

आजोबांचं खातं मांडवीला होतं, सयाजीरावांनी १९०८ मध्ये काढलेल्या आपल्या बँक ऑफ बडोदात. वर्षातून चारदा पासबुक भरून आणायचे आणि घरी येऊन गाढ झोपायचे. मी दिवसातून चारदा बॅलन्स बघते. बघायचे, असं म्हणू. दसऱ्यापासून दिवेलागणीला फोन देवघराशेजारच्या कपाटात चार्जिंगला. पहिले तीन दिवस हात उशीखाली चाचपत राहायचा, वेड्यासारखा.

एक चांगलंही झालं ह्या गोंधळात. मेडिक्लेमचं रिन्यूअल ऑक्टोबरात आलं, २८,४०० प्रीमियम. गेल्या वर्षी त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५,११२ रुपये वेगळे भरले होते, यंदा २२ सप्टेंबरपासून घरच्या पॉलिसीवर जीएसटी शून्य, आणि नशिबाने प्रीमियम तेवढाच राहिला. हे म्हणाले एफडीत टाक, मुलगा म्हणाला इअरबड्स. मी समोरच्या बिल्डिंगमध्ये येणाऱ्या रोटलीवाल्या बेनना विचारलं, महिन्याचे सतराशे. तीन महिन्यांचे ५,१००. बारा रुपये उरले, त्याची कोथिंबीर. सासूबाई आधी दोन दिवस घुश्शात, घरात धडधाकट बाई असताना रोटली करायला बाई! आता त्याच बेनकडून उंधियूची रेसिपी लिहून घेतायत आणि फुलका पातळ असतो हो, असं मला ऐकवतायत. ऐकते. सकाळी चाळीस मिनिटं मोकळी मिळतात, त्यात मी काहीही करत नाही. नुसती गॅलरीत बसते, समोरच्या कडुलिंबावर पोपट येतात ते बघते.

पगार अजून उशिराच येतोय. ऑर्डर कधी सुटतील कुणालाच माहीत नाही, ह्यांच्या साहेबांना पण नाही.

आता हे लिहीत होते तेवढ्यात, साडेसात वाजलेले, तुळशीपाशी नुकताच दिवा लावलेला, आणि बेल वाजली. दूधवाला, महिन्याचं बिल घेऊन. मी म्हटलं भाई, उद्या सकाळी या ना, आमच्याकडे दिवेलागणीनंतर पैसे देत नाहीत. त्याने जराही न थांबता खिशातून क्यूआर कोडचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं, "बेन, ऑनलाइनमां लक्ष्मी क्यां देखाय छे!"

फोन कपाटातून काढला आणि दिले त्याला १,९८० रुपये.