डोंग्याला नांगर कोणता घ्यावा
गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात डोंगा नेणाऱ्या भावांनो, दोराला दगड बांधून त्याले नांगर म्हणू नका. दगड नुसता वजनावर थांबते, नांगराचा फाळ चिखलात रुतते, वारा सुटला की फरक लगेच कळते. पण फाळ रुतायला ओढ आडवी पाहिजे, म्हणून खोलीच्या निदान पाचपट दोर सोडा अन् नांगराजवळ थोडी साखळी लावाच. बुडालेल्या झाडांच्या खुंटात नांगर अडकते, तर त्याच्या बुडाला वेगळी दोरी बांधून ठेवा, उलटा ओढला की बहुतेक निघते. घरी आल्यावर गाळ धुवा, शॅकलची (नांगर अन् साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन ढिली झाली का पाहा अन् ती फिरू नये म्हणून तार गुंडाळा. दोर काठावर घासून धागे फुललेले दिसले तर तेवढा तुकडा कापूनच टाका, मधातच गाठ मारून चालवू नका बाप्पा, गाठीनं दोराची ताकद लय कमी होते.