खवासाच्या अलीकडे टाकी फुल

नागपूरहून निघून कामठी, कन्हान मागे टाकलं, मनसरला रामटेकचा फाटा सोडला आणि देवलापारच्या पुढे पंपावर गाडी घातली. जायचं होतं पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या तुरिया गेटला. पाचशेचं टाक म्हटलं, तर पंपावरचा पोऱ्या म्हणतो, "फुलच करून घ्या न भाऊ, पुढं एमपी लागते. तिकडं महाग आहे जी." माझ्या मागे एमपी पासिंगची बोलेरो उभी होतीच. सीमेपलीकडची माणसं इकडे येऊन टाकी भरतात, यातच सगळं आलं.

केंद्राचं उत्पादन शुल्क देशभर सारखं. खेळ आहे तो राज्यांच्या व्हॅटचा, म्हणजे विक्रीवरच्या कराचा, कारण २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेरच राहिलं. २०२५ चा हिशोब धरला तर आपल्याकडे पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. एमपीत २९ टक्के, अडीच रुपये आणि वर एक टक्का सेस. आपलं सरकारही काही साधुसंत नाही म्हणा. महामार्गालगतची दारू बंद झाली तेव्हा, एप्रिल २०१७ मध्ये, बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोलवरचा अधिभार तीन रुपयांनी वाढवला होता. पिणारे वेगळे, भरणारे आपण!

मुंबईतला व्हॅट जुलै २०२४ पासून आपल्याइतकाच झाला, तरी नागपुरात पेट्रोल थोडं महागच. इथं ना समुद्र, ना रिफायनरी. तेल लांबून डेपोत यायचं, तिथून टँकरने पंपावर. गडचिरोलीत त्याहून थोडं जास्त.

देवलापार सोडलं की जंगल सुरू होतं आणि रस्ता उचलून पुलावर जातो. मनसर ते सीमेवरचं खवासा अशा नऊ ठिकाणी खालून वाघ, चितळ, रानडुकरं ये-जा करतात. दोन्ही बाजूंना सागवान, खाली पायवाटेसारखी वाट. असा रस्ता स्वस्तात होत नाही, आणि टोलच्या नियमातही मोठ्या पुलांची लांबी दहापट धरायची पद्धत. जुलै २०२५ मध्ये तिला थोडी मर्यादा घातली. इथं माझा तीन हजारांचा फास्टॅग वार्षिक पास चालला. समृद्धीवर तो चालत नाही, कारण तो रस्ता राज्याचा. तिथं कारला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे होते, ते एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाले. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, करा गुणाकार.

रायपूरकडे मात्र गणित उलटं. छत्तीसगडात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, डिझेल महाग. माझी गाडी पेट्रोलची, भाच्याची डिझेलची. दिवाळीत दोघांना तिकडे जायचंय. तो नागपुरातच टाकी फुल करणार, मी सीमेवरची बाघनदी ओलांडल्यावर.