कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी मालवण

मालवणला कॅमेरा घेऊन जायचं असेल तर आधी पंचांग उघडावं, रेल्वेचं आरक्षण त्यानंतर. इथे किनाऱ्यावर काय दिसेल हे भरती-ओहोटीवर ठरतं आणि भरती-ओहोटी तिथीवर. कोकणातला जुना आडाखा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त बरोबर बसतो. भरती दक्षिणेकडून उत्तरेला सरकत येते, त्यामुळे मालवणला पाणी थोडं आधी चढतं. म्हणून आडाख्याने दिवस निवडावा आणि नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात बघावी.

आम्ही निवडला तो कोजागरीचा दुसरा दिवस. या दिवशी तीन गोष्टी जुळून येतात. सूर्य उगवतो तेव्हा चंद्र अजून पश्चिमेला, समुद्रावर असतो. संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमाराला खोल ओहोटी लागलेली असते, कारण पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती जितकी वर चढते तितकंच पाणी खालीही उतरतं. आणि पावसाने धुतलेली हवा अजून स्वच्छ असते. डिसेंबरमध्ये गर्दीही जास्त आणि क्षितिजावर धूसरपणाही जास्त. शरदात मालवणला जावं हे आमचं ठाम मत आहे. उकाडा मात्र सोसावा लागतो.

कोकण रेल्वेचं कुडाळ स्थानक जवळचं. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटीने साधारण तास लागतो. पहाट हवी असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचायला हवं. मुक्काम दांडी भागात मिळाला तर उत्तम, कारण सकाळचं काम तिथेच आहे. खोलीत एसी असेल तर कॅमेऱ्याची बॅग रात्री खोलीत ठेवू नये, किंवा निघण्याच्या अर्धा तास आधी बाहेर पडवीत आणून ठेवावी, पण चेन उघडू नये. थंड भिंग दमट हवेत आलं की त्यावर बाष्प धरतं. पुसलं तरी ते पुन्हा येतं आणि सकाळची पहिली वीस मिनिटं त्यात जातात.

ऑक्टोबरच्या मध्याला सूर्योदय साडेसहाच्या सुमाराला होतो. दांडीच्या किनाऱ्यावर सहाला उभं राहावं. इथून सिंधुदुर्ग किल्ला पश्चिमेला समोर दिसतो, म्हणजे सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून येऊन सरळ तटावर पडतं. माडांच्या वरून ते यायला मात्र सूर्योदयानंतर आणखी थोडा वेळ लागतो. चंद्र तेव्हा किल्ल्याच्या बाजूच्या आकाशात, जरा उजवीकडे झुकलेला असतो आणि सातच्या पुढे मावळतो. उजळलेला तट आणि फिका चंद्र हे दोन्ही एका चौकटीत मिळायला हातात दहा-पंधरा मिनिटंच असतात. 200 मिलिमीटरच्या आसपासचं भिंग असेल तर चंद्र ठसठशीत दिसतो. मोबाइलवर तो ठिपका होतो, तेव्हा मोबाइलवाल्यांनी चंद्राचा नाद सोडून ओल्या वाळूतलं तटाचं प्रतिबिंब घ्यावं.

त्याच किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. कुरटे बेटावर किल्ला बांधायचं ठरल्यावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांच्या हस्ते इथे पूजन झालं असं सांगितलं जातं. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. कोरीवकाम उथळ आहे आणि त्याला शेंदूर लागलेला आहे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ते सपाट दिसतं. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात रेषेरेषेला सावली धरते. धोंड्याच्या समोर उभं न राहता जरा बाजूला सरकावं, म्हणजे सावली अधिक स्पष्ट दिसते. लोक इथे पूजेला येतात, त्यामुळे चपला लांब काढून ठेवाव्यात आणि खडकावर ट्रायपॉड रोवू नये.

नशीब असेल तर किनाऱ्यावर रापण चालू असते. नारळी पौर्णिमेनंतर रापणीचे दिवस सुरू होतात. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोलात टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून दोन रांगा ओढत राहतात. हे काम तासन्‌तास चालतं. घाईने दोन फोटो काढून निघून जाणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. सुरुवातीला रांगा लांब लांब असतात, जाळं जवळ येईल तशा त्या एकमेकींकडे सरकतात, आणि रांगा जवळ आल्या, वर घारी फिरायला लागल्या की कॅमेरा तयार ठेवावा. शटरचा वेग सेकंदाच्या 1/1000 च्या खाली जाऊ देऊ नये, नाहीतर उडणारे मासे आणि पाण्याचे थेंब पुसट येतात. दोराच्या आतल्या बाजूला कधी उभं राहू नये. ताणलेला दोर अचानक सरकतो, आणि आपण कामाच्या वाटेत येतो ते वेगळंच.

जाळ्यातून नुकताच आलेला बांगडा अगदी जवळून बघावा. पाठीवर निळसर हिरवी झळाळी, तिच्यावर लांबीच्या दिशेने गडद पट्टे, पोटाला चांदी. हा रंग फार टिकत नाही. टोपलीत पडून थोडा वेळ गेला की हिरवं विझून करडं होतं. बाजारातल्या बांगड्याच्या फोटोत तो रंग येत नाही, कॅमेरा कितीही महाग असला तरी. माणसांचे फोटो काढण्याआधी मात्र विचारावं. ‘मावशी, एक फोटो काढू काय?’ एवढं पुरतं. नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली घ्यावा आणि मासे निवडताना हात कसे चालतात ते नुसतं बघत उभं राहावं.

आठनंतर बंदर जेटीवर जाऊन किल्ल्याची होडी धरावी. पावसाळ्यात बंद असलेली ही वाहतूक 1 सप्टेंबरपासून सुरू होते, पण परतीच्या पावसात वारा सुटला तर त्या दिवसापुरती थांबू शकते. म्हणून किल्ला सकाळी उरकावा, दुपारी ढग जमण्याचा संभव जास्त. होडीवाले किल्ल्यावर साधारण तासभर देतात. 48 एकरांचा किल्ला आणि सुमारे 3 किलोमीटरचा तट तासात होत नाही. तिकीट काढतानाच ‘जास्त वेळ थांबायचंय, नंतरच्या होडीने येऊ’ असं बोलून घ्यावं.

किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवला आहे. हे फोटोत दाखवायचं तर होडीत पुढच्या बाजूला बसून ठरावीक अंतराने एकाच चौकटीचे फोटो घेत राहावं. आत शिरताना दरवाजाच्या सावलीत काळोख आणि पलीकडे भगभगीत ऊन असतं, त्यामुळे एका फोटोत दोन्ही सांभाळत नाही. कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन नंतर जोडावेत. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा छोट्या घुमट्यांत आहे, तिथे फ्लॅश मारू नये. राजाराम महाराजांच्या काळातल्या शिवराजेश्वर मंदिरात आधी पुजाऱ्यांना विचारावं. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते आणि ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. वेळ कमी असेल तर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघून सरळ पश्चिमेच्या तटावर जावं. ऑक्टोबरात तिथे गवत अजून उभं असतं आणि पायवाट निसरडी असते. कडेला जाऊन चौकट शोधू नये.

बारा ते साडेतीन कॅमेरा बॅगेत. जेवण, सोलकढी, झोप. बाजारपेठही त्या वेळी निवांत असते. चारला उठून पेठेतून चालावं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, लाकडी गजांच्या खिडक्या. पाऊस ओसरल्यावर जांभ्यावर शेवाळाचे हिरवे पट्टे उरतात, तिरप्या उन्हात लाल आणि हिरवं दोन्ही खुलतं. खाजा इथेच घ्यावा, गुळाला आल्याचा झणका असलेला.

संध्याकाळी निवड करावी लागते. दांडीवरून सूर्य किल्ल्याच्या बाजूला मावळताना तटाची काळी आकृती मिळते. रॉक गार्डनला, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ बागेत, खडक आणि पाणी मिळतं. दोन्ही एका संध्याकाळी साधत नाही. आम्ही रॉक गार्डनच्या बाजूने, कारण उधाणाच्या दिवसांतली खोल ओहोटी रोज मिळत नाही. पाच वाजता पोचलं तर एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडलेले असतात आणि खळग्यांतल्या पाण्यात खेकडे, चिमुकले मासे, आकाश सगळं एकत्र दिसतं. सूर्यास्त सव्वासहाला. त्याआधी लाटा धुक्यासारख्या मऊ हव्या असतील तर 6 स्टॉपचा एनडी फिल्टर (भिंगात येणारा उजेड कमी करणारी गडद काच), एफ/11, आयएसओ 100 लावून शटर सेकंदाच्या जवळपास उघडं ठेवता येतं. सूर्य बुडून पंधरा मिनिटं झाली की फिल्टरशिवायही तेवढा वेळ मिळतो आणि रंगही तेव्हाच चढतात. बहुतेक लोक सूर्य बुडताच उठून जातात, त्यांनी थांबावं.

एक धोका नीट समजून घ्यावा. पाणी सारख्या गतीने चढत नाही. भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्साच येतो, दुसऱ्यात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी तीन. त्यामुळे पहिला तासभर ‘पाणी काही येत नाही’ असं वाटतं आणि मग परतीच्या वाटेवरचे खळगे बघता बघता भरतात. जाताना पाऊल कुठे टाकलं ते लक्षात ठेवावं, हेडटॉर्च जवळ असावा आणि ओहोटीच्या वेळेपासून दीड तासाच्या आत खडकावरून बाहेर पडावं. शेवाळी काळ्या खडकावर रबरी तळव्याची चप्पलही घसरते. पाय पांढऱ्या कालवांच्या कवचांवर टाकावा, पण अनवाणी नव्हे, कवचं ब्लेडसारखी कापतात.

खोलीवर आल्यावर जेवणाआधी सामान साफ करावं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर खारं पाणी सांध्यात सुकून कुलपं अडकतात. कॅमेरा आधी फुंकणीने वाळू उडवून मगच पिळलेल्या ओल्या फडक्याने आणि शेवटी कोरड्याने पुसावा. सरळ कोरडं फडकं फिरवलं तर मिठाचे कण आणि वाळू भिंगावर ओरखडे पाडतात.