तुम्ही विचारलंत म्हणून : गोधडी घरीच का शिवायची?

"गोधडी हल्ली विकत मिळते, साड्या दिल्या तर शिवूनही देतात. मग तुम्ही सगळे घरी का शिवत बसता?" उन्हाळा लागला की कोणी ना कोणी हे विचारतंच. शेजारच्या काकू विचारतात, लेकीच्या मैत्रिणींच्या आया विचारतात, पुण्याहून आलेली भाचेसूनही विचारते. आणि उत्तर ऐकलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग सांगा ना, कशी शिवायची?" दोन्हींची उत्तरं आज एकदाच नीट सांगते.

पैसे वाचतात, हे खरंच आहे. नेसून नेसून विरलेली सुती साडी दुसऱ्या कशाला फारशी उपयोगी पडत नाही, आणि गोधडीला तर तीच लागते. नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. तरी नुसत्या काटकसरीसाठी मी हा घाट घातला नसता. आमच्या घरी गोधडी शिवली जाते, कारण ती एकट्या माणसाच्या हातून उरकत नाही. ती माणसांना बसवते. हिशोबच करून बघा. साडीचा पन्हा सव्वा मीटरच्या आसपास. टाक्यांच्या दोन ओळींत दोन बोटांचं अंतर, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर धरा. झाल्या ३५ ओळी. प्रत्येक ओळ दोन मीटरांची. म्हणजे एका गोधडीत ७० मीटर धावदोरा, तोही हाताने, चार-पाच थरांतून सुई काढत! एकटी बसली तर तिला तो डोंगर वाटेल. पण सासूबाई, जाऊबाई, नणंद आणि मी अशा चौघी चार बाजूंना बसलो की बोलता बोलता ओळी भरत जातात. आणि गोधडीभोवती बसलं की उठून जाता येत नाही. हातात सुई असते, मांडीवर कापड पसरलेलं असतं, फोन कुठेतरी आत राहिलेला असतो. एरवी सणावारालाही इतका वेळ आम्ही एकमेकींसमोर बसत नाही.

आता कशी शिवायची ते.

सगळ्यात सोयीची नऊवारी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. तिची चौघडी घातली की दोन मीटरांहून जराशी लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी रुंद अशी चार पदरी गोधडी एकाच साडीत तयार! एका माणसाला अंगभर पुरते. आजीच्या पिढीतल्या बायकांनी हे माप कुठे लिहून ठेवलं नव्हतं, त्यांच्या हाताला ते ठाऊक होतं. हल्लीची साडेपाच मीटरची साडी असेल तर तिची तिघडी घालायची. पावणेदोन मीटरांच्या थोडी वर लांबी मिळते, मुलांना आणि बुटक्या माणसांना भरपूर. थंडीसाठी जाड हवी असेल तर आत आणखी एक साडी, जुनं धोतर, फाटलेली सुती चादर, काहीही घाला. पण सहा-सात थरांच्या वर जाऊ नका, बोटं सोलून निघतात. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेने. नुसतं जाड कापड तेवढी ऊब देत नाही, म्हणून तर विरलेल्या साडीचे चार थर एका जाड चादरीला भारी पडतात.

कापड सुतीच हवं. पॉलिएस्टरची, जॉर्जेटची साडी टाक्याखाली सरकते, फुगते आणि अंगाला घाम आणते. सुती साडी हाती आली की आधी धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यायची आणि उजेडासमोर धरायची. जिथून पलीकडचं दिसतं तो भाग विरलेला. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणायची. सासूबाई हे असं करतात की बघत राहावं: डोळे मिटलेले, कान कापडाशी, आणि तो बारीकसा 'चर्र' आवाज आला की म्हणतात, "ही आत." म्हणजे ही साडी मधल्या थरात जाणार. आवाज आला नाही तर "ही वर". त्यांनी 'वर' म्हटलेली साडी पुढे कितीतरी वर्षं फाटत नाही, हा माझा अनुभव.

मग फरशी स्वच्छ पुसून त्यावर थर अंथरायचे. आधी खालचं अस्तर, त्यावर आतले तुकडे, वर चांगली साडी. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, धान्याचे डबे असं काहीतरी जड ठेवायचं आणि मधून कडेकडे तळव्याने चुण्या काढत जायचं. ही पायरी घाईची नाही. इथे राहिलेली चुणी शेवटपर्यंत राहते. मग वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. कडा आत दुमडायच्या, किंवा साडीचे काठ आधीच उसवून ठेवले असतील तर तेच पट्टी म्हणून चारी बाजूंनी लावायचे. इरकलीचा काठ असला तर काय शोभा येते म्हणून सांगू!

दोरा जाड, सुती. मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. हातभरच घ्यायचा, लांब दोऱ्याच्या गाठी होतात. दाभण वापरू नका, त्याने कापडाला भोकं पडतात. मोठ्या नेढ्याची जाडसर सुई बरी, आणि मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. दोऱ्याची गाठ थरांच्या मध्ये लपवायची. मग चौघी चार बाजूंनी सुरुवात करून कडेकडून आत, चौकटीत चौकट शिवत यायचं. कोपऱ्यावर एकीची ओळ संपते, तिथे दुसरीची भेटते. दोघींचे टाके सारखे नसतात. जाऊबाईंचा टाका तांदळाएवढा, माझा जरा लांब, नणंदेचा दोन्हींच्या मधला. पांघरताना बोट फिरवलं की कुठली बाजू कोणाची ते कळतं, आणि मला ते फार आवडतं.

गोधडी फक्त आपलीच असं नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये जुन्या साड्यांचाच कांथा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, तीही कडेकडून आत. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. ते वाचल्यापासून आम्हीही कोपऱ्यांना खणाचे त्रिकोण लावतो. खणाचे तुकडे प्रत्येक घरात ओटी भरल्याचे पडून असतातच.

पुरुष आणि मुलं काय करतात, हेही विचारतात. आमच्याकडे सुईत दोरा ओवणं हे घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं काम. त्याचे डोळे तीक्ष्ण असतात. दहा-बारा सुया ओवून टाचणीच्या उशीत खोचून ठेवायच्या आणि कोणाचा दोरा संपला की नवी सुई पुढे करायची. हे काम धाकट्याला मिळालं तेव्हा त्याचा चेहरा जो फुलला! आजीने "अरे, सुई दे रे राजा" म्हटलं की तो खेळ टाकून धावतो. दीर आणि आमचे हे, दोघे थर ताणून धरतात, पाटे-डबे हलवतात आणि खाण्यापिण्याचं बघतात.

खाण्याचं मी मुद्दाम सांगते, कारण गोधडीच्या दिवसाचे पदार्थ ठरलेले आहेत. गॅसशी कोणाला उभं राहावं लागेल असं त्या दिवशी काही करायचं नाही. एक बाई स्वयंपाकघरात आणि बाकीच्या बाहेर, असं झालं की त्या बसण्याला अर्थ राहत नाही. म्हणून दडपे पोहे. सासूबाई चिपळूणच्या, त्यांच्या हातचे मी खाल्ले आणि नंतर दुसरे मला रुचेनात. पाव किलो पातळ पोहे चाळून घ्या. परातीत दोन कांदे अगदी बारीक चिरून, अर्ध्या नारळाचा चव, दोन-तीन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ, चमचाभर साखर आणि एका लिंबाचा रस. हे सगळं आधी हाताने चांगलं चुरायचं, कांद्याला आणि खोबऱ्याला पाणी सुटलं पाहिजे. मग त्यात पोहे मिसळायचे, नारळाचं पाणी शिंपडायचं, दाबून बसवायचं, वर ताट झाकायचं आणि ताटावर खलबत्ता ठेवायचा. पाव तास तिकडे बघायचंसुद्धा नाही. तेवढ्यात एक ओळ पुरी होते. मग दिरांनी शेंगदाणे तळून मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी द्यायची आणि वरून भाजलेला पोह्याचा पापड चुरायचा. पाच-सहा जणांना पुरतात. साधे पाण्याने भिजवलेले पोहे आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे पोहे भिजतात ते कांद्याच्या, लिंबाच्या आणि नारळाच्या रसात.

प्यायला पन्हं. आदल्या दिवशी भाताच्या कुकरमध्येच वरच्या डब्यात कैऱ्या उकडून घ्यायच्या. गर काढून तो वाटीने मोजायचा, कैरीचा आंबटपणा बघून दीडपट ते दुप्पट गूळ, किंचित मीठ, वेलची. हा गर काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये राहतो. ज्याला हवं त्याने दोन चमचे गर आणि गार पाणी घालून ढवळून घ्यावं.

जेवणात आदल्या रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा आणि दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडका सोलताना वरच्या शिरा आपण टाकून देतो, पण त्या बारीक चिरून चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ. बस्स. माझी लेक दोडक्याची भाजी बघून नाक मुरडते, ही चटणी मात्र वाटीभर खाते. शिरा परतायचं काम सकाळी लवकर उरकतं आणि चटणी तीन-चार दिवस टिकते.

मुलं गोधडीतलं प्रत्येक कापड ओळखतात, याचं मला फार अप्रूप आहे. जांभळी ती आत्याच्या डोहाळजेवणाची, पिवळी ठिपक्यांची पणजीची, निळा चौकडा आजोबांच्या सदऱ्याचा. पणजीला धाकट्याने पाहिलेलं नाही. तरी रात्री झोपताना तो बोटाने पिवळा तुकडा शोधतो आणि विचारतो, "ती कशी होती?" मग मी सांगते. पणजीच्या गोष्टी घरात जिवंत आहेत त्या या तुकड्यामुळे. फोटो आमच्याकडे तिचा एकच आहे, तोही अल्बममध्ये बंद.

शिवून देणाऱ्यांविषयी माझ्या मनात काही वाईट नाही, उलट आदर आहे. गावोगावच्या बायकांना त्यातून रोजगार मिळतो आणि त्यांच्या हाताची सफाई आम्हाला कधी यायची नाही. घरात माणसं नसतील, वेळ नसेल तर साड्या जरूर त्यांना द्या. फक्त हाताने शिवतात का, ते विचारून घ्या. मशीनवर शिवलेल्या, आत कृत्रिम तंतूंचा थर असलेल्या गोधड्या दिसायला गुबगुबीत असतात, पण त्या जुन्या सुती कापडासारख्या अंगाला बिलगत नाहीत.

धुण्याचंही विचारतात. ओली गोधडी फार जड होते, घरच्या मशीनवर भार टाकू नये. मोठ्या टबात भिजवून पायांनी तुडवायची, न पिळता निथळू द्यायची आणि गच्चीच्या कठड्यावर पसरायची. घटस्थापनेच्या आधी गावाकडे नदीवर गोधड्या धुवायला सगळी आळी जायची. आम्ही तोच मुहूर्त धरतो, पाऊस सरता सरता ऊनही कडक असतं. टाका उसवला असेल तर वाळल्यावर तेव्हाच घालायचा, विरलं असेल तिथे ठिगळ. अशी डागडुजी होत गेली की गोधडी दर वर्षी थोडी बदलत जाते.

ज्यांच्या घरी चौघी नाहीत, फ्लॅटची खोली लहान आहे, त्यांना मी बाळाचं दुपटं शिवायला सांगते. एका साडीच्या पदराकडचा मीटरभर तुकडा दुहेरी घ्यायचा, चारी कडा दुमडायच्या आणि दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घालायचा. दोन थरांतून सुई लोण्यासारखी जाते, आणि एकटीनेही संध्याकाळी थोडं थोडं करत चार-आठ दिवसांत होतं. बाळाला घालायचं म्हणून दोऱ्याची गाठ वर कुठेही राहू देऊ नका, आणि पहिल्यांदा वापरण्याआधी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. ओळखीत कोणाकडे डोहाळजेवण असेल तर मुहूर्त चांगला आहे.