आमची वाटचाल: सपाट मुंबईत घाटाचा ब्रेक

मुंबईत घाट नाही. पेडर रोडचा चढ, पवईचा चढ, बाकी सगळे फ्लायओव्हर. त्यामुळे बसच्या एक्झॉस्ट ब्रेकवर, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून उतारावर गाडी धरणाऱ्या ब्रेकवर, कुणाचं गॅरेज चालेल असं आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. वडाळ्याला दोन बस जेमतेम उभ्या राहतील एवढी भाड्याची जागा, वडिलांची फंडाची रक्कम आणि वडिलांच्याच ओळखीचे एक जुने मिस्त्री, एवढ्यावर सुरुवात झाली. मिस्त्रींना वडाळ्यात लहानमोठे सगळे चाचाच म्हणायचे. काम येईल ते घ्यायचं: क्लच प्लेट, पाटे, ब्रेकचे लायनर, रेडिएटर. गिऱ्हाईक म्हणजे शाळेच्या बसवाले आणि कंपन्यांच्या स्टाफ बसवाले. रविवारी त्याच गाड्या वऱ्हाडाला जायच्या आणि सोमवारी आमच्या दारात यायच्या.

नाव झालं ते एका स्टाफ बसमुळे. तक्रार साधी होती, गाडी ओढत नाही आणि काळा धूर मारते. आमच्याकडे यायच्या आधी दुसऱ्या एका गॅरेजात डिझेलचा पंप उतरवून कॅलिब्रेशन झालं होतं, नोझल बदलून झाले होते, आणि मालकांच्या हातात भलंमोठं बिल होतं. फरक शून्य. चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. पोतं अंथरून गाडीखाली गेले, सायलेन्सरच्या पाइपवर एक्झॉस्ट ब्रेकचा जो बटरफ्लाय, म्हणजे पाइप बंद करणारी फिरती पाकळी, असतो त्याच्या लिव्हरला हात घातला आणि मला म्हणाले, "देख, वापस आया क्या?" लिव्हर स्टॉपरपर्यंत आलाच नव्हता, मध्येच अडकला होता. म्हणजे आतली पाकळी अर्धी बंद, आणि इंजिनाचा सगळा धूर त्या उरलेल्या फटीतून बाहेर पडत होता. श्वास बाहेर सोडता येत नसेल तर नवा कसा घेणार? हवेचा पाइप सोडला, शाफ्टच्या दोन्ही टोकांना डिझेल मारून तसंच ठेवलं, चहा झाल्यावर हलक्या हातोडीने लिव्हर मागेपुढे केला. काजळीचे पापुद्रे गळून पडले. स्प्रिंग नवी टाकली. ड्रायव्हर वडाळ्याहून सायनपर्यंत चक्कर मारून आला आणि उतरताना म्हणाला, "मिस्त्री, पंपाचं काय केलंत?"

तिथून एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

ज्यांच्या गाड्या आहेत पण ज्यांनी कधी खाली वाकून बघितलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या डिझेल इंजिनाला पेट्रोल गाडीसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो. पाय काढला तरी इंजिन बिनदिक्कत हवा ओढतं, त्यामुळे नुसत्या गिअरवर गाडी म्हणावी तशी धरत नाही. एक्झॉस्ट ब्रेक मारला की हवेच्या सिलिंडरने बटरफ्लाय बंद होतो, डिझेल तुटतं, आणि पिस्टनला बंद पाइपात हवा दाबावी लागते. आमच्याकडे जास्त करून टाटाच्या ६९७ इंजिनाच्या गाड्या यायच्या. सहा सिलिंडर, ५,६७५ सीसी. एवढं मोठं इंजिन कॉम्प्रेसर होऊन गाडीला मागे खेचतं आणि चाकाचे ड्रम थंड राहतात. घाटात लायनरचा जळका वास सुटून पेडल दाबलं तरी गाडी थांबेना, ही वेळ येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. गाडी न्यूट्रलला असेल तर यातलं काहीही चालत नाही. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर अजून आहेत, त्यांच्यापुढे हात टेकले.

बिघाड शोधायची पद्धत चाचांची आहे, आम्ही त्यात फारसं काही बदललेलं नाही. आधी हवा. मीटरवर सात किलोच्या आसपास दाब नसेल तर पुढे जायचंच नाही. मग चाकांना लाकूड लावून, इंजिन बंद, चावी चालू, एक माणूस केबिनमध्ये आणि एक खाली. वरच्याने स्विच दाबला की खाली मॅग्नेट व्हॉल्व्हचा, म्हणजे करंट मिळाला की हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, टक आवाज आला पाहिजे. आवाज नाही म्हणजे करंट नाही. टेस्ट लॅम्प घेऊन फ्यूजपासून सुरुवात करायची. आमच्याकडे निम्म्या वेळा दोष फ्लोअरवरच्या पायाच्या स्विचात सापडतो, कारण पावसाळ्यात ड्रायव्हरच्या चपलेचं सगळं पाणी आणि चिखल तिथेच झिरपतो. आवाज येतो पण हवेच्या सिलिंडरचा दांडा बाहेर येत नाही, तर पाइप फुटलाय किंवा सिलिंडरची रबरी रिंग गेलीय. साबणाचं पाणी लावलं की कुठे फुगे येतात ते दिसतं. दांडा येतो पण लिव्हर फिरत नाही, तर कार्बन. सगळ्यांत जुन्या गाड्यांत तर वायरिंगचा प्रश्नच नाही, पायाखाली थेट हवेचा व्हॉल्व्ह असतो.

क्लचचा स्विच वेगळा बघावा लागतो. क्लच दाबल्यावर एक्झॉस्ट ब्रेक आपोआप सुटायला हवा. तो स्विच चिकटला असेल तर ब्रेक सुटत नाही, डिझेल तुटलेलंच राहतं आणि गिअर बदलताना इंजिन बंद पडतं. पॉवर स्टिअरिंगची गाडी असेल तर स्टिअरिंग त्याच क्षणी दगडासारखं जड. वळणावर हे झालं तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

तिसरी तक्रार फसवी असते: "ब्रेक लागतो पण धरत नाही." बटरफ्लाय तर पूर्ण बंद होतोय. अशा वेळी मॅनिफोल्ड आणि पाइपचे सांधे टॉर्च मारून बघायचे. गॅस्केट गेलं असेल तिथे काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो, दाब तिथूनच पळतो. नाहीतर पंपाच्या स्टॉप लिव्हरची दांडी ढिली होऊन डिझेल पूर्ण तुटत नाही. मग बटरफ्लाय बंद, इंजिनात डिझेल चालू, आणि ब्रेक सुटल्याबरोबर मागे धुराचा लोट.

जास्त ब्रेक लागावा म्हणून बटरफ्लायच्या पाकळीतलं भोक वेल्डिंगने बुजवून घेणारे महाभागही आम्ही पाहिले. ते भोक किंवा कडेची फट कंपनीने मुद्दाम ठेवलेली असते. दाब फार वाढला तर तो स्प्रिंगला न जुमानता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलतो, आणि मग हेड उघडायची तयारी ठेवायची. कुर्ल्याला भंगारातून मिळणारा जुना मूळ बटरफ्लाय शाफ्टला खेळ नसेल तर आम्ही आनंदाने लावतो, पण असला दुरुस्त केलेला नाही.

धंद्याचं म्हणाल तर खरी मेख इथे आहे. हा ब्रेक वापरून खराब होत नाही, न वापरून होतो. मुंबईत वर्षभर अंधेरी ते बीकेसी फिरणाऱ्या ड्रायव्हरला त्याची आठवणही नसते, आणि काजळी आपलं काम करत राहते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, स्कूलबस दीड वर्षाच्या वर जागेवर उभ्या राहिल्या आणि शाळा उघडल्यावर आमच्याकडे रांग लागली. जवळजवळ प्रत्येक गाडीचा बटरफ्लाय दगड झालेला. त्या वर्षी भाडं थकलं होतं, ते त्या रांगेने फेडलं.

एरवी आमचा सीझन गणपतीचा. चाकरमान्यांच्या गाड्या गोवा रस्त्याचे खड्डे चुकवायला पुणे, कोल्हापूरवरून जातात आणि फोंडा नाहीतर करूळ घाटाने खाली उतरतात. वर्षभर सपाटीवर धावलेली पन्नास माणसांची गाडी एका रात्रीत घाट उतरणार. अशा गाडीचा एक्झॉस्ट ब्रेक बायपास करून द्या म्हणणारे मालक दरवर्षी भेटतात: "अहो, त्याच्याशिवाय पण चालते की गाडी." चालते, थांबायचं काय? तारेने लिव्हर उघडा बांधून गाडी सोडायचं काम आम्ही घेत नाही. त्यापायी गिऱ्हाइकं गेली, दोन गल्ल्या सोडून त्यांचं काम झालंही. वडील असेपर्यंत यावरून घरात वाद व्हायचे, कारण वहिनी हिशोब बघते आणि आकडे तिच्यासमोर असतात. तिनेच मग तोडगा काढला. तपासणीचं बिल वेगळं, पार्टचं वेगळं. आधी पाच-पन्नास रुपयांच्या रिंगसाठी अर्धा दिवस गाडीखाली घालवायचो आणि मालक रिंगेचेच पैसे द्यायचे. आता फलकावर तपासणीचा दर लिहिलेला आहे आणि घासाघीस तिथेच संपते.

चाचा गावी गेले, त्यांचा पुतण्या आमच्याकडे आहे. १ एप्रिल २०२० नंतर बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले. नव्या गाड्यांत हा ब्रेक कंप्युटरच्या ताब्यात असतो, स्कॅनर लावला की कोड येतो. स्कॅनर आम्हीही घेतला. पण कार्बन धरलेला शाफ्ट स्कॅनरने सुटत नाही, हात काळे करावेच लागतात. शहरात इलेक्ट्रिक बस वाढत चालल्यात, त्यांच्याकडून आम्हाला या कामात काही मिळणार नाही, हे माहीत आहे. म्हणून धाकट्या भावाने हवेच्या ब्रेकचं आणि कॉम्प्रेसरचं काम वाढवायला घेतलंय, कारण हवा त्या गाड्यांनाही लागते.

गणपतीच्या गाड्या यंदाही नारळी पौर्णिमेच्या आत आणा, नंतर जागा नसते. गाडीबरोबर नेहमीचा ड्रायव्हर पाठवा, बदली नको. गाडी कुठल्या गिअरला कशी वागते ते त्यालाच ठाऊक असतं. रात्रभर उभी राहून सकाळी टाकीत हवा उरत नसेल तर तेही आधीच सांगा. मग आधी ती गळती शोधावी लागते आणि गाडी मुक्कामाला राहते.