घर घेण्याआधी किंग काउंटीचे दस्त वाचले, तो अनुभव

सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंड हा सगळा पट्टा वॉशिंग्टन राज्याच्या किंग काउंटीत येतो. इथे घर घेताना टायटल कंपनी (मालकी हक्क तपासणारी कंपनी) शोध घेते, अहवाल देते आणि विमाही उतरवते. त्यामुळे काउंटीचे दस्त स्वतः उघडून बघणारे फार थोडे. आम्ही बेलव्ह्यूमध्ये पन्नासच्या दशकातलं एक घर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी ते बघायला बसले, कारण घर ज्या बाईंचं होतं त्या वारल्या होत्या आणि त्यांचा मुलगा ते विकत होता. मयताच्या नावावरची मालमत्ता आणि विकणारा एकच वारस, हे ऐकल्यावर आपल्याकडे वाढलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो बाकीच्या वारसांचा. त्याचं उत्तर इथल्या कागदांत मिळतं. फक्त ते असेसर (कर आकारणी करणारं कार्यालय), रेकॉर्डर (दस्त नोंदवणारं कार्यालय) आणि सुपीरियर कोर्ट अशा तीन ठिकाणी विखुरलेलं असतं. तिन्हीकडचा शोध घरबसल्या घेता येतो.

सुरुवात असेसरच्या साइटवरून करावी. पत्ता टाकला की दहा आकडी पार्सल नंबर मिळतो. वसवलेल्या वस्तीत पहिले सहा आकडे त्या वसाहतीच्या मंजूर नकाशाचे आणि शेवटचे चार त्यातल्या प्लॉटचे असतात. हा नंबर लिहून ठेवावा, पुढे सगळीकडे लागतो. मालकाचं नाव टाकून मात्र इथे शोधता येत नाही. व्यापारी कामासाठी व्यक्तींच्या नावांच्या याद्या द्यायला राज्याच्या कायद्यात मनाई आहे, म्हणून ही वाट बंद ठेवलेली आहे. पार्सलचं पान उघडलं की बांधकामाचं वर्ष, चौरस फूट, कराचं मूल्यांकन असं सगळं दिसतं. कराचे दोन हप्ते ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरला भरायचे असतात, ते थकलेत का तेही काउंटीच्याच साइटवर कळतं. थकलेले नव्हते.

हे पान मी सांगलीला सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "अगं, ही घरपट्टी झाली. खरेदीखत बघितलंस का?" त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सातबारा जसा मुळात महसुली कागद, तसंच असेसरचं पान कर आकारण्यासाठी केलेलं. त्यावर नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. पण त्याच पानावर खाली विक्रीचा इतिहास असतो: देणारा, घेणारा, किंमत, दस्ताचा प्रकार, कारण आणि नोंदणी क्रमांक. तो नोंदणी क्रमांक घेऊन रेकॉर्डरकडे जायचं.

आमच्या घराच्या इतिहासात १९९३ चं एक खरेदीखत होतं, पती-पत्नी दोघांच्या नावे. त्यानंतर २००२ मध्ये किंमत शून्य असलेली एक नोंद. प्रकार क्विट क्लेम डीड, कारण मालमत्तेची वाटणी. म्हणजे नवऱ्याने बायकोला हक्कसोडपत्र करून दिलं होतं. यात "माझा जो काही हक्क असेल तो सोडला" एवढंच असतं. हक्क होता की नव्हता याची हमी देणारा देत नाही. म्हणून अशी नोंद दिसली की मागच्या दस्तापर्यंत जाऊन त्याच्याकडे हक्क आला कुठून ते बघावं लागतं. इथे तो १९९३ च्या खतातून आलेला होता. वॉशिंग्टनमध्ये लग्नानंतरची मिळकत साधारणपणे दोघांची समाईक धरतात, त्यामुळे नवऱ्याची ही सही महत्त्वाची होती. ती सापडल्यावर निम्मा प्रश्न सुटला.

रेकॉर्डरच्या साइटवर दस्ताची प्रत फुकट वाचता येते, फक्त ती अधिकृत प्रत नसते. अलीकडच्या दस्तांचा नोंदणी क्रमांक चौदा आकडी. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि उरलेले सहा त्या दिवसाचा अनुक्रम. हे एकदा ध्यानात आलं की नुसत्या आकड्यावरून कोणता कागद आधीचा आणि कोणता नंतरचा ते समजतं, आणि बोजाच्या बाबतीत हा क्रमच निर्णायक असतो. जुने दस्त मात्र सगळे या शोधात सापडत नाहीत. आमच्या घराची साखळी १९९३ पासूनची असल्यामुळे ती पूर्ण मिळाली.

मला सगळ्यात उपयोगी वाटली ती इथली पहिल्या पानाची शिस्त. राज्याच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक दस्ताच्या पहिल्या पानावर दस्ताचं नाव, देणारा, घेणारा, मिळकतीचं संक्षिप्त वर्णन, पार्सल नंबर आणि हा दस्त ज्या जुन्या दस्ताशी जोडलेला आहे त्याचा नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो. एक कागद दुसऱ्याकडे बोट दाखवतो. फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जायची ज्यांना सवय आहे त्यांना हे लगेच जमेल.

याचा उपयोग कर्जाच्या वेळी झाला. इथे गहाणखताच्या जागी बहुतेक वेळा डीड ऑफ ट्रस्ट करतात: कर्जदार, बँक आणि मध्ये एक विश्वस्त. कर्ज फिटलं की विश्वस्त रीकन्व्हेयन्स नावाचा दस्त नोंदवतो आणि बोजा उतरतो. बाईंनी २००३ मध्ये वॉशिंग्टन म्युच्युअलकडून कर्ज घेतलं होतं. सिॲटलची ही बँक सप्टेंबर २००८ मध्ये नियामकांनी बंद केली आणि तिचा कारभार जेपी मॉर्गन चेसकडे गेला. त्यामुळे बोजा उतरवणारा दस्त जुन्या बँकेच्या नावाखाली शोधून मिळणार नव्हता. शिवाय अशा दस्तात देणारा म्हणून विश्वस्ताचं नाव येतं. मी बाईंच्या नावाने शोध घेतला, २००८ नंतरचे सगळे रीकन्व्हेयन्स उघडले आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावरचा संदर्भ क्रमांक २००३ च्या दस्ताशी ताडून पाहिला. जुळला. ते कर्ज फिटलेलं होतं.

२०१४ चं दुसरं कर्ज मात्र उघडंच होतं. ती घरावरची क्रेडिट लाइन होती, म्हणजे घर तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायचं खातं, आणि तिचा रीकन्व्हेयन्स कुठेच नव्हता. मुलाचं म्हणणं, आईने सगळे पैसे फेडले होते. ते खरंही असेल, पण क्रेडिट लाइनमध्ये बाकी शून्य झाली तरी खातं बंद होतंच असं नाही. बंद करा असं लेखी कळवेपर्यंत बोजा तसाच राहू शकतो. टायटल कंपनीच्या अहवालात हा बोजा होताच. मी एस्क्रोच्या, म्हणजे व्यवहाराचे पैसे आणि कागद मध्यस्थ म्हणून सांभाळणाऱ्या कंपनीच्या, बाईंना नोंदणी क्रमांकासकट ईमेल केलं की बाकी शून्य असली तरी खातं बंद करण्याचं पत्र घ्याच. त्यांनी ते घेतलं.

पुढे कोर्ट. हा भाग बरेच जण सोडतात आणि तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं. वॉशिंग्टनमध्ये सुपीरियर कोर्टाचा पैशाचा निकाल लागला की त्या काउंटीतल्या देणेकऱ्याच्या स्थावर मिळकतीवर त्याचा बोजा आपोआप बसतो आणि साधारण दहा वर्षं राहतो. तो दर वेळी रेकॉर्डरकडे वेगळा नोंदवलेला असतोच असं नाही. म्हणजे रेकॉर्डरचं पान स्वच्छ आणि घरावर कोर्टाचा बोजा, असं होऊ शकतं.

किंग काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचं पोर्टल नावावरून शोधू देतं. अडचण अशी की एकाच नावाच्या माणसांची रांग लागते आणि जन्मतारीख दिसत नाही. इथे केस नंबरची रचना मदतीला येते. आधी वर्षाचे दोन आकडे, मग प्रकाराचा एक: १ फौजदारी, २ दिवाणी, ३ कौटुंबिक, ४ वारसा आणि मृत्युपत्र. शेवटी सिॲटल की केंट, ते तीन अक्षरांत. मी २००२ च्या आसपासचा ३ शोधला तेव्हा घटस्फोट सापडला आणि हक्कसोडपत्राची तारीख त्याच्याशी जुळली. मग अलीकडचा ४ शोधला. त्यात मृत्युपत्र दाखल झालं होतं, मुलाला पर्सनल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे मयताच्या मिळकतीची व्यवस्था बघणारा, नेमलं होतं, आणि आदेशात ज्या शब्दांसाठी मी शोध घेत होते तेही होते: नॉनइंटरव्हेन्शन पॉवर्स. हे अधिकार मिळाले की प्रत्येक व्यवहाराला कोर्टाची वेगळी परवानगी न घेता तो घर विकू शकतो. दुसरी एक मुलगी होती. तिला नोटीस गेल्याची नोंदही फाइलमध्ये होती. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

टायटल कंपनीच्या अहवालात अपवादांची जी यादी असते, म्हणजे विमा ज्याची जबाबदारी घेत नाही त्या गोष्टी, ती बहुतेक लोक चाळून सोडतात. त्यातल्या प्रत्येक नोंदीला मूळ दस्ताचा दुवा होता. मी सगळे उघडले. एक होता सामाईक रस्त्याचा करार, साठच्या दशकातला: आमच्या प्लॉटच्या पूर्वेकडचे दहा फूट शेजारच्या घराला वहिवाटीसाठी, दुरुस्तीचा खर्च निम्मा निम्मा. आमचा रियल्टर त्याच पट्ट्यावर गॅरेज वाढवायची कल्पना सांगत होता, ती तिथेच संपली.

दुसरा होता १९४७ चा, वसाहत पाडताना लावलेल्या अटींचा. टंकलेखनातली फिकट अक्षरं. घराची किमान किंमत, रस्त्यापासूनचं अंतर, कोंबड्या पाळू नयेत, आणि त्याच ओळीत तितक्याच सहजपणे: कॉकेशियन वंशाच्या व्यक्तीखेरीज कुणीही या प्लॉटवर राहू नये, घरमालकाकडे कामाला असलेले नोकर वगळून.

मी ती ओळ नवऱ्याला, मंदारला, मोठ्याने वाचून दाखवली. आम्ही दोघं त्या घरात फक्त नोकर म्हणून राहू शकलो असतो. भगतसिंग थिंड नावाचे एक भारतीय याच राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये अमेरिकेच्या सैन्यात होते, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता गोरा नाही असा निकाल दिला. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिक व्हायची वाट पुन्हा उघडली. हा दस्त त्यानंतरच्या वर्षीचा आहे. नागरिक झालात तरी शेजारी नको, असा त्याचा सरळ अर्थ. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अशा अटी कोर्टाने अमलात आणू नयेत असं ठरलं आणि १९६८ च्या कायद्याने त्या बेकायदा झाल्या. पण दस्त जागेवरच राहिले, प्रत्येक विक्रीत पुढे सरकत राहिले. वॉशिंग्टन विद्यापीठाचा एक प्रकल्प राज्यभरातले असे दस्त शोधून नकाशावर मांडतो. या भागात घर असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने तिथे आपली वसाहत एकदा बघावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यावर करता येण्याजोगं काहीतरी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. मालक झाल्यावर आपण रेकॉर्डरकडे एक दुरुस्तीचा दस्त नोंदवू शकतो. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक देऊन ती अट कायद्याने रद्दबातल असल्याचं नमूद होतं. फी लागत नाही. जुना कागद पुसला जात नाही, आणि तो पुसला जाऊ नये असंच माझं मत आहे. पण यापुढे साखळी शोधणाऱ्याला त्याच्याशेजारी आपला कागद दिसेल.

आमचं खत नोंदवलं गेलं त्याच संध्याकाळी मी त्याचा चौदा आकडी क्रमांक शोधून नावांचं स्पेलिंग आणि प्लॉटचं वर्णन तपासलं. दुरुस्तीचा दस्त त्यानंतर लवकरच केला. क्रेडिट लाइनचा रीकन्व्हेयन्स मात्र यायचा होता. कर्ज फिटल्यावर साठ दिवसांत बँकेने विश्वस्ताला तशी लेखी विनंती करायची असते, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवली होती. मुदत संपायच्या आत तो नोंदवला गेला. पहिल्या पानावर २०१४ च्या दस्ताचा संदर्भ क्रमांक बरोबर आहे हे ताडून त्याची प्रत आमच्या खताच्या फाइलला लावली.