पाहुण्यांचं आधार, आमचं अंगण

गोव्यात मांद्र्याला घरामागच्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. हंगाम सुरू झाला की माझ्या फोनमध्ये जितकी आधार कार्डं येऊन पडतात, तितकी आमच्या तलाठ्यानेही पाहिली नसतील. खोली कशी आहे, समुद्र किती लांब, गाडी लावायला जागा आहे का, सगळं दहादा विचारतात. पण ‘हे कार्ड तुम्ही ठेवता कुठे?’ असं कोणी म्हणून विचारत नाही.

गेल्या डिसेंबरात सोलापूरच्या एका काकांनी आधारची पीडीएफ पाठवली. ‘वहिनी, पासवर्ड पाठवतो हं,’ म्हणाले. म्हटलं, राहू द्या. ई-आधारचा पासवर्ड ठरलेलाच असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. नाव बुकिंगमध्ये होतं, आणि येत्या वर्षी साठी आहे हे त्यांनी फोनवर कौतुकाने सांगितलंच होतं. म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच खुंटीला अडकवायची.

आता मी सगळ्यांना मास्क केलेलं आधार पाठवायला सांगते. आधार देणारी सरकारी संस्था यूआयडीएआय, तिच्या साइटवरून ते उतरवून घेता येतं. पहिले आठ अंक झाकलेले, शेवटचे चार तेवढे दिसतात. रजिस्टरात मला नाव, पत्ता आणि ते चार अंक पुरतात. काहीजण उलट माझ्यावरच संशय घेतात, ‘झाकलेलं चालतं का?’ त्यांचंही चुकत नाही. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क केलेलं द्या, असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. त्यात लोकांच्या डोक्यात फक्त गोंधळ उरला.

परदेशी पाहुण्यांचं वेगळं. ते उतरल्याची सरकारला खबर देणारा फॉर्म, सगळे त्याला सी-फॉर्मच म्हणतात, २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावाच लागतो, पासपोर्ट-व्हिसाच्या तपशिलांसकट. तिथे झाकाझाकी नाही. पण फॉर्म गेला की माझ्या फोनमधला पासपोर्टचा फोटोही जातो. आणि नुसतं डिलीट करून भागत नाही, हे धंद्यातल्या पुष्कळांना ठाऊकच नसतं. व्हॉट्सअपवर आलेला फोटो गॅलरीत उतरतो, बॅकअप चालू असेल तर गॅलरीतून गूगल फोटोजमध्ये जातो, आणि तिथून काढला तरी ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून राहतो. म्हणून आलेले फोटो गॅलरीत दाखवणारं व्हॉट्सअपमधलं मीडिया व्हिजिबिलिटी मी बंदच ठेवलंय, आणि ट्रॅश हाताने रिकामा करते.

खरा संताप मला येतो तो स्कूटर भाड्याने देणाऱ्यांचा. कित्येकजण अनामत म्हणून मूळ आधार कार्डच ठेवून घेतात. ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेले गठ्ठे! पाहुणा परत येईपर्यंत त्या कार्डाच्या किती झेरॉक्स निघाल्या, देव जाणे. पाहुण्यांना मी आधीच सांगते, अनामत पैशांत द्या, कार्ड देऊ नका.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये लोकांची डिजिटल वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. ‘ते मोठ्या कंपन्यांचं गो, आपल्याला काय,’ असं शेजारच्या खोल्यावाल्या म्हणतात. पण त्यात सूट आहे ती घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला. खोलीचं भाडं घेऊन ठेवलेलं आधार घरगुती कसं होईल?

हा सगळा हिशेब एकतर्फी नाही, हे मात्र मला एका रीलने दाखवलं. पुण्याच्या एका मुलीने आमच्या अंगणात सोलां, म्हणजे आमसुलं, वाळत घालणाऱ्या सासूबाईंचं शूटिंग केलं आणि घराच्या लोकेशनसकट टाकून दिलं. विचारलं कोणी नव्हतं. पाहुण्यांच्या चार अंकांना जपणारी मी, आणि आमच्या म्हातारीचा चेहरा, दार, तुळशीवृंदावन, सगळं हजारो लोकांच्या फोनमध्ये. मुलीला मेसेज केला. लोकेशन काढलं तिने लगेच, रील राहू दे म्हणून विनवत होती.

सासूबाईंना विचारलं, ठेवायचं का? त्यांनी दोनदा रील बघितली, साडी जुनी नेसल्याबद्दल हळहळल्या, आणि आता प्रत्येक नव्या पाहुण्याला स्वतःच बजावतात: ‘कितें काढपाचें तें भायर काढ, देवाच्या कुडींत नाका.’ म्हणजे, काय काढायचं ते बाहेर काढ, देवाच्या खोलीत नको.